जुन्या बुलेट, येझदी, राजदूतचे मागचे सस्पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे दोन शॉकअप आणि चिमटा असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. त्यात मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ आणि यामाहा आरएक्स १०० येतात. मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दोन फाट्यांच्या स्विंग आर्मला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरला शॉकअप. इथेही तेच शब्द वापरले आहेत. प्लंजरच्या, म्हणजे चिमट्याऐवजी उभ्या खांबांवर चाक सरकणाऱ्या, गाड्यांबद्दल एक प्रश्न शेवटाकडे आहे.

गाडी वळणावर मागून डुलते. शॉकअप गेले असतील ना?

गेले असतीलही, पण सुरुवात तिथून करू नका. डुलणाऱ्या गाडीला नवे शॉकअप बसवणे हे बहुतेक वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असे होते. शॉकअप चाकाला फक्त वर-खाली आवरतो. चाकाला डावी-उजवीकडे धरून ठेवणे हे चिमट्याचे, तो ज्यावर फिरतो त्या पिनचे आणि पिनभोवतीच्या नळीचे, म्हणजे बुशचे काम. गाडी खड्ड्यानंतर तीन-चार वेळा वर-खाली झुलत राहिली, तर दोष शॉकअपचा. वळणावर हँडल एक सांगते आणि मागचे चाक दुसरेच काही करते, असे वाटले, तर आधी बुश बघा.

तपासण्याचा क्रम असा ठेवा: टायरमधली हवा, स्पोक, चाकाचे बेअरिंग, चाकाची सरळ रेषा, चिमट्याचे बुश, शॉकअपच्या डोळ्यांतली (टोकांच्या बोल्टच्या कड्यांतली) रबरे आणि सर्वांत शेवटी शॉकअप. पहिल्या चार गोष्टींना पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

चिमट्याच्या बुशमधला प्ले (ढिलेपणा) नेमका कसा ओळखायचा?

गाडी मेन स्टँडवर घ्या. एकाने पुढून गाडी घट्ट धरावी. दुसऱ्याने मागे बसून चाक नव्हे, तर चिमट्याची दोन्ही टोके एक्सलजवळ धरून डावी-उजवीकडे ढकलावीत. हाताला ‘टक’ असे जाणवले तर प्ले आहे. एक हात मोकळा करून त्याचे बोट पिन आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवले की डोळ्यांना न दिसणारी हालचालही कळते. चिमटा हलत नाही पण चाकाची रिम हलते, तर दोष बेअरिंगचा.

पक्की खात्री हवी असेल तर चाक आणि दोन्ही शॉकअप काढा. मग मोकळा चिमटा हाताने वर-खाली करा. गनमेटल बुशचा चिमटा स्वतःच्या वजनाने सावकाश, एकसारखा खाली आला पाहिजे. मध्येच अडकला तर पिन वाकलेली असते किंवा ग्रीस सुकून दगड झालेले असते. धाडकन पडला तर बुश झिजला. रबरी बुशचा चिमटा मात्र असा पडत नाही, तो स्प्रिंगसारखा मूळ जागी परत येतो. तो धाडकन पडला तर रबर आतल्या नळीपासून सुटले आहे.

माझ्या गाडीत रबरी बुश आहे की गनमेटलचा?

मॉडेलवरून अंदाज बांधू नका. पन्नास वर्षांत कोणी काय बदलले, हे कागदावर नसते. पिनच्या नळीवर ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) असेल तर धातूचा बुश. निपल नसेल आणि नळीच्या टोकाला काळ्या रबराची कड दिसत असेल तर सायलेंट ब्लॉक, म्हणजे आत-बाहेर लोखंडी नळी आणि मध्ये चिकटवलेले रबर. दोन्हींची निगा एकमेकांच्या अगदी उलट आहे. धातूच्या बुशला ग्रीस लागतेच, तर रबरी बुशला ग्रीस किंवा तेल लागले की रबर फुगते आणि सुटते. चेनवर मारलेले जळके ऑइल उडून रबरी बुशवर बसणे हे त्याच्या लवकर मरण्याचे नेहमीचे कारण.

रबरी बुश घरी बदलता येतो का?

येतो, पण हातोड्याने नाही. हातोड्याने चिमट्याची नळी तोंडाशी फाकते आणि मग नवा बुश कधीच घट्ट बसत नाही.

जुना बुश काढायला १२ किंवा १४ मिमीचा लांब आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि दोन तुकडे पाइप लागतात. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा थोडा मोठा पाइप, दुसऱ्या बाजूला थोडा लहान. नट आवळत गेले की लहान पाइप बुशला मोठ्या पाइपात ढकलतो. गंजून बसलेला बुश हलत नसेल तर आधी आतली नळी आणि रबर ड्रिलने पोखरून काढा. मग बाहेरच्या नळीला हॅकसॉच्या पात्याने लांबीच्या दिशेने एक चीर द्या. चीर पडली की नळीचा ताण जातो आणि ती छिन्नीने आत दुमडते. चिमट्याच्या धातूपर्यंत पाते जाऊ देऊ नका. गॅसच्या बत्तीने रबर जाळायचा शॉर्टकट अनेक जण करतात. त्याचा धूर फुप्फुसांना वाईट आणि चिमट्याचा रंगही जातो.

नवा बुश दाबताना जोर फक्त बाहेरच्या नळीवर द्या. आतल्या नळीवर दिलात तर रबर बसण्याआधीच फाटते.

खरी चूक मात्र शेवटच्या पायरीला होते. रबरी बुशमध्ये आतली नळी पिन आणि चेसिस यांच्यात आवळली जाऊन जागच्या जागी थांबते. चिमटा हलतो तो रबराला पीळ देऊन. चाक लटकलेले असताना पिनचा नट आवळला, तर माणूस गाडीवर बसताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून नट आधी हातानेच लावा. शॉकअप आणि चाक बसवा, गाडी स्टँडवरून उतरवा, एकाला वर बसवा आणि मगच नट पूर्ण आवळा. हे न केल्यामुळे ‘डुप्लिकेट बुश निघाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात.

गनमेटलचा बुश लेथवर बनवून घ्यायचा आहे. टर्नरला काय सांगू?

गॅरेजमध्ये गनमेटल म्हणतात, पण माल फॉस्फर ब्राँझचा हवा. पितळेचा नको. पितळ कापायला सोपे, दिसायला तसेच आणि झिजायला फार लवकर. टर्नरकडे पडून असलेला पिवळा तुकडा कशाचा आहे, हे विचारूनच घ्या. नायलॉनचा बुशही काही जण सुचवतात. नायलॉन ओल शोषून फुगते आणि कोकणातल्या पावसात पिनला घट्ट धरून बसते.

मापे अशी द्या. बाहेरचा व्यास चिमट्याच्या भोकापेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी जास्त, म्हणजे बुश दाबून बसेल. आतला व्यास आधी थोडा कमीच ठेवायला सांगा, कारण दाबल्यावर बुश आवळतो आणि आधी काढलेले माप हुकते. दोन्ही बुश बसल्यावर लांब रीमर एका दमात दोन्हींतून आरपार न्यायचा. वेगवेगळे रीम केले तर दोन भोके एका रेषेत येत नाहीत आणि पिन तिरकी अडकते. पिन आणि बुश यांच्यातली फट ०.०२ ते ०.०५ मिमी. आत ग्रीससाठी एक सर्पिल खाच आणि निपलच्या समोर भोक हवे. ते भोक निपलच्या भोकाशी जुळते का, हे बुश दाबायच्या आधी पेनने खूण करून बघा. दाबल्यावर कळून उपयोग नाही.

पिन मायक्रोमीटरने तीन जागी मोजा: मधोमध, जिथे झीज नसते, आणि दोन्ही बुशच्या जागी. फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त असेल तर पिन बदला. जुन्या झिजलेल्या पिनवर नवे बुश टाकणे म्हणजे अर्धेच काम. चिमट्याची आडवी हालचाल, म्हणजे चेसिसच्या कानांमधली फट, शिम वॉशर टाकून ०.१ ते ०.२ मिमीवर आणा. फट शून्य केली तर चिमटा जखडतो.

बुश नवे, पिन नवी, तरी गाडी एका बाजूला ओढते.

चिमटा वाकडा असू शकतो. सपाट टेबलावर, किंवा निदान जाड काचेवर, चिमटा ठेवा. पिनच्या भोकातून एक सरळ रॉड आणि एक्सलच्या खाचांतून दुसरा रॉड घाला. दोन्ही टोकांपासून मागच्या रॉडची टेबलापर्यंतची उंची मोजा. मग दोन रॉडांमधले अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. फरक १ मिमीच्या आत असेल तर सोडून द्या. २ मिमीच्या वर असेल तर चिमटा जिगवर (पक्क्या साच्यात धरून) सरळ करून घ्यावा लागेल. झाडाला बांधून पहारीने ओढून सरळ केलेले चिमटे रस्त्यावर खूप आहेत आणि त्यांच्या वेल्डपाशी तडे पण.

सरळ चिमट्यातही चाक वाकडे बसू शकते, कारण चेन अ‍ॅडजस्टरवरच्या खुणांवर विश्वास ठेवता येत नाही. दोन लांब दोरे घ्या. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणा आणि पुढच्या टायरपासून दोन्हीकडचे अंतर सारखे करा. जावा-येझदीमध्ये चेन पूर्ण डब्यात असते. त्यामुळे चाक हलवल्यावर चेन डब्याला घासत नाही ना, तेवढे बघा.

माझा डब्यावाला मूळ शॉकअप उघडून दुरुस्त होईल का?

डब्यावाला म्हणजे स्प्रिंग पत्र्याच्या किंवा क्रोमच्या कव्हरात झाकलेला. आतला डँपर, म्हणजे झुलणे आवरणारी तेलाची नळी, बाहेर काढल्यावर त्याची वरची टोपी बघा. टोपीला दोन भोके किंवा खाचा असतील तर ती आट्यांवर बसलेली आहे आणि उघडते. नळीची कड आत दाबून बंद केलेली असेल तर तो डँपर उघडण्यासाठी बनवलेलाच नाही. असे डँपर लेथवर कापून, आटे पाडून, नवी टोपी बसवून देणारे कारागीर शहरोशहरी आहेत. त्यांच्याकडून काम करून घेताना एकच गोष्ट आधी विचारा: सील कोणते टाकणार? पंपाचे किंवा फोर्कचे मिळते-जुळते सील टाकले तर सहा महिने जातात. रॉडच्या नेमक्या व्यासाचे, धूळ अडवणाऱ्या ओठासह असलेले सील हवे.

स्प्रिंग काढताना घाई करू नका. स्प्रिंग दाबलेलीच असते. वरच्या कव्हरखाली ते धरून ठेवणारे दोन अर्धचंद्र (अर्धगोल लोखंडी तुकडे) असतात, ते निसटले की कव्हर थेट तोंडावर येते. स्प्रिंग दाबायचे साधन नसेल तर दोन माणसे लागतात. एकाने शॉकअप उभा धरून पूर्ण वजनाने कव्हर खाली दाबायचे, दुसऱ्याने अर्धचंद्र पक्कडीने काढायचे. डोळ्यांवर चष्मा हवा. एकट्याने व्हाइसमध्ये धरून हे करू नका.

किती तेल आणि कोणते?

‘भरून टाक’ हे उत्तर चुकीचे आहे. शॉकअप दबतो तेव्हा रॉड आत येतो आणि तेवढी जागा तेलाला सोडावी लागते. १० मिमीचा रॉड ७५ मिमी आत गेला तर सुमारे ५.९ सीसी जागा घेतो आणि १२ मिमीचा सुमारे ८.५ सीसी. ही जागा बाहेरच्या नळीतली हवा देते. काठोकाठ तेल भरले तर शॉकअप मध्येच भिंतीला लागल्यासारखा थांबतो आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात सील बाहेर फेकतो. दोन नळ्यांच्या डँपरमध्ये आतली नळी पूर्ण भरायची, बाहेरची साधारण अर्धी ते दोन तृतीयांश. कंपनीच्या पुस्तकातला आकडा हाती असेल तर तोच वापरा. नाहीतर इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून दोन्ही शॉकअपमध्ये अगदी सारखे भरा. गळलेल्या शॉकअपमधून निघालेले तेल मोजून तेवढेच परत भरण्याला अर्थ नाही, कारण बाकीचे आधीच रस्त्यावर गेलेले असते.

तेल १० ग्रेडच्या फोर्क ऑइलने सुरू करा. झिजलेल्या व्हॉल्व्हला किंवा नेहमी दोघे बसणाऱ्या गाडीला १५ किंवा २० चालते. इंजिन ऑइल टाकू नका. ते ढवळून फेसाळते आणि फेसाला दम नसतो. ब्रेक ऑइल तर मुळीच नको, सील फुगून जाते.

रॉडवर गंजाचे खड्डे आहेत. सील बदलून भागेल?

नाही. नखाला लागणारा प्रत्येक खड्डा सीलसाठी कानस आहे. खड्डे रॉडच्या वरच्या टोकाला, जिथे सील कधीच पोहोचत नाही तिथे असतील तर सोडा. कामाच्या भागात असतील तर रॉड ग्राइंड करून हार्ड क्रोम करावा लागतो आणि पुन्हा मूळ मापाला ग्राइंड. चकचकीत शोभेचे क्रोम इथे चालत नाही, त्याचा थर फार पातळ असतो. हार्ड क्रोमचा थर निदान ०.०२ ते ०.०३ मिमी मागा. समुद्राजवळच्या गाड्यांमध्ये रॉडच्या खालच्या भागात खड्डे आधी पडतात. रबरी बूट किंवा कव्हर फाटले की लगेच बदलणे हाच स्वस्त उपाय.

पेटीतून काढलेला नवा शॉकअप दाबला तर पहिला इंचभर रिकामा जातो. खराब आहे का?

बहुधा नाही. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिला की बाहेरच्या नळीतली हवा आत शिरते. तो कामाच्या स्थितीत उभा धरून सावकाश पूर्ण दाबा, पूर्ण खेचा, असे आठ-दहा वेळा करा. स्प्रिंगशिवाय असेल तर सोपे, स्प्रिंगसकट असेल तर गाडीला बसवून मागे जोर देऊन करा. रिकामी चाल गेली पाहिजे. गेली नाही तर तेल कमी आहे किंवा तळाचा व्हॉल्व्ह बसत नाही. चांगल्या डँपरमध्ये खेचण्याचा विरोध दाबण्याच्या विरोधापेक्षा स्पष्ट जास्त लागतो. दोन्ही सारखे लागले तर संशय घ्या. असे शॉकअप उलटे बसवायचे नाहीत, दिसायला कितीही छान दिसले तरी.

वजन जास्त आहे, मागचा भाग बसतो. कडक स्प्रिंग कशी निवडायची?

स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या. तारेची जाडी चौथ्या घातात जाते, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटरही फार असतो. उदाहरण घेऊ. वेटोळ्याचा व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४८ मिमी आणि कामाची वेटोळी १४. तार ६.५ मिमी असेल तर कडकपणा येतो सुमारे ११.४ न्यूटन प्रति मिमी. तार ७ मिमी केली की सुमारे १५.३. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने स्प्रिंग जवळपास ३५ टक्के कडक झाली. ‘थोडीशी जाड तार’ म्हणून बनवून घेतलेल्या स्प्रिंगवर कंबर का दुखते, ते यावरून कळेल.

स्प्रिंग कापणे हाही उपाय सुचवला जातो. वरच्याच ७ मिमी तारेच्या स्प्रिंगची १४ पैकी २ वेटोळी कापली तर ती सुमारे १७ टक्के कडक होते, पण आखूडही होते. गाडी आधीपेक्षा खाली बसते आणि कापलेल्या टोकाला सपाट बैठक राहत नाही. ते टोक कपात रुतून तिरका जोर देते आणि रॉड वाकवते.

हाती असलेली स्प्रिंग मोजायची असेल तर घरचा वजनकाटा आणि पिलर ड्रिल पुरे. काट्यावर जाड फळी, फळीवर स्प्रिंग, वरून ड्रिलचा बंद चक. १० मिमी दाबा, वजन लिहा, २० मिमी दाबा, पुन्हा लिहा. १० मिमीला १४ किलो वाढले तर स्प्रिंग १.४ किलो प्रति मिमीची. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगची मोकळी लांबीही मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जोडीने बदला. एकच बदलली तर चिमट्याला पीळ बसतो.

प्रीलोड शेवटच्या खाचेवर ठेवला की स्प्रिंग कडक होते ना?

होत नाही. फक्त गाडी वर उचलली जाते. तीन किंवा पाच खाचांची रिंग स्प्रिंगला आधीच थोडे दाबून ठेवते. त्यामुळे ती हलायला सुरुवात उशिरा होते, पण एकदा हलली की कडकपणा तोच. हे समजले नाही तर मऊ स्प्रिंगवर पूर्ण प्रीलोड देऊन लोक समाधान मानतात. मग गाडी लहान खड्ड्यात ठोकते आणि मोठ्यात तळाला लागते. दोन्हीकडची खाच एकच ठेवा.

मग स्प्रिंग बरोबर आहे हे कसे कळेल?

एक टेप आणि दोन माणसे. एक्सलच्या मध्यापासून वर मडगार्डवर एक खूण करा. तीन मापे घ्या. मागचे चाक हवेत असताना, समजा, ४२० मिमी. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना ४०८. चालवणारा बसल्यावर ३९८. म्हणजे गाडीचे स्वतःचे बसणे १२ मिमी आणि माणसासकट २२ मिमी. ७५ ते ८० मिमी चाल असलेल्या जुन्या गाडीला माणसासकट २० ते २५ मिमी ठीक.

खरी माहिती दोन आकड्यांच्या जोडीत असते. माणसासकट माप बरोबर आहे पण गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ बसतच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तिला टेकू दिला आहे. उलट, गाडी स्वतःच खूप बसते आणि माणूस बसल्यावर फारशी हलत नाही, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. खाच फिरवून पहिला दोष झाकता येतो, जात नाही.

लांब शॉकअप टाकून मागचा भाग उंच केला तर?

रूप बदलते आणि त्याबरोबर चार गोष्टी बदलतात. बुलेटचा व्हीलबेस सुमारे १३७० मिमी. मागचा भाग १० मिमी उचलला की पुढच्या फोर्कचा कोन साधारण ०.४ अंशाने उभा होतो. १० मिमीला हे फारसे जाणवत नाही, ३० मिमीला सरळ रस्त्यावर हँडल हलके आणि चळवळे होते. दुसरे, चाक लटकलेले असताना चेन चिमट्याच्या नळीला घासू लागते. तिसरे, मेन स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकते, म्हणजे पंक्चर काढायची सोय गेली. चौथे, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते.

१० मिमीपर्यंत फरक चालवून घेता येतो. माप नेहमी डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत, शॉकअप पूर्ण मोकळा असताना घ्यायचे.

चेनची ढिलाई पुन्हा बसवावीच लागेल. पुढची चकरी, चिमट्याची पिन आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणते. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून चिमटा त्या रेषेत आणा, तिथे थोडी ढिलाई राहते ना बघा आणि मग स्टँडवर किती दिसते ते लिहून ठेवा. पुढे तोच आकडा धरा.

दुसऱ्या गाडीचे गॅस शॉकअप बसतील का?

बसवता येतात. बसवावेत की नाही, हा वेगळा प्रश्न. डोळ्याचा आतला व्यास वेगळा असतो, त्यासाठी लेथवर स्टीलची नळी करून घ्या. ती नळी रबराच्या दोन्ही बाजूंना अर्धा ते एक मिमी बाहेर आली पाहिजे. नाहीतर नट आवळताच वॉशर रबराला चिरडतो, डोळा फिरत नाही आणि काही दिवसांत बोल्ट तुटतो. रबर बसवताना साबणाचे पाणी लावा, तेल नको. बाजूचा डबा चेन कव्हर, सायलेन्सर किंवा साइड बॉक्सला लागतो का, हे चिमटा पूर्ण वर करून बघा. नुसते उभ्या गाडीवर बघून चालत नाही.

आरएक्स १०० सारख्या हलक्या गाडीला जड गाडीचे शॉकअप टाकणे ही सगळ्यात सर्रास चूक. त्यांचा डँपर जड स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. हलकी गाडी खड्ड्यावरून उडते आणि चाक जमिनीवर परत यायला उशीर लावते.

गॅसचा डबा दाबाखाली असतो. त्याला भोक, वेल्ड किंवा आच नको.

स्प्रिंगला क्रोम केले आणि ती दोन महिन्यांत तुटली. स्प्रिंगच खराब होती?

क्रोमने तोडली. आम्लात बुडवताना आणि क्रोम चढवताना हायड्रोजन स्प्रिंगच्या कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. क्रोम केल्यावर काही तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजले तर तो बाहेर पडतो. गल्लीतल्या क्रोमवाल्याकडे ही भट्टी नसते. बेकिंगची खात्री नसेल तर स्प्रिंगला काळा पावडर कोट करा आणि चमक कव्हरला ठेवा.

चिमट्याला तडा गेला आहे. वेल्ड करू का?

तडा कुठे आहे त्यावर अवलंबून. मडगार्डच्या किंवा फूटरेस्टच्या पट्टीपाशी असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचे भोक पाडून, पूर्ण खोलीपर्यंत खाच करून वेल्ड चालते. पिनच्या नळीजवळ किंवा एक्सलच्या खाचेत असेल तर चिमटा बदला. कोणत्याही वेल्डच्या आधी बुश काढा आणि चिमटा जिगला बांधा, मोकळा वेल्ड केला की थंड होताना तो ओढला जातो. आर्क वेल्डिंग गाडीवरच करणार असाल तर बॅटरीच्या तारा सोडा. जुन्या बुलेटच्या चेसिसमधले नळ्यांचे सांधे ब्रेझिंगने (पितळ वितळवून) लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या लोखंडी खोबणीत, बसवलेले आहेत. त्या सांध्याजवळ आर्कची आच दिली की ब्रेझिंग वितळते आणि सांधा आतून सुटतो, बाहेरून दिसतही नाही.

माझ्याकडे प्लंजरची गाडी आहे. तिला चिमटा बसवावा का?

नका बसवू. जावाच्या १९४६ च्या पेराकला किंवा प्लंजरच्या बीएसएला चिमटा लावायचा म्हणजे चेसिसचा मागचा भाग कापायचा आणि ज्या कारणाने ती गाडी लोक थांबून बघतात तेच काढून टाकायचे. प्लंजरमध्ये चाक उभ्या खांबांवर सरळ वर-खाली सरकते, म्हणून चेनचा ताण बदलतो आणि चाल कमी असते. हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. बुश आणि खांब दोन्ही बाजूंना सारखे झिजलेले नसले तर चाक तिरके होते. दुरुस्ती तिथे करा आणि ग्रीस नियमित भरा.

ट्रायम्फचा स्प्रंग हब मात्र घरी उघडू नका. चाकाच्या हबमध्येच दाबलेल्या स्प्रिंग आहेत. योग्य फिक्स्चरशिवाय उघडला तर त्या गोळीसारख्या सुटतात. हबच्या झाकणावरच तसा इशारा कोरलेला असतो.

शॉकअप काढून लोखंडी दांड्या लावल्या की बॉबरसारखी गाडी होते. चालेल?

नाही. मूळ ताठ चेसिसच्या गाडीत मागच्या नळ्या एक्सलचा मार थेट वाटून घेतात. शॉकअपच्या चेसिसमध्ये सीटखालची नळी फक्त स्प्रिंगमधून आलेला जोर घेण्यासाठी बनवलेली असते. दांड्या लावल्या की प्रत्येक खड्डा त्या एका बोल्टवर येतो. आधी बोल्ट वाकतो, मग वरचा कान तुटतो.

आरटीओच्या दृष्टीने यातले काय चालते?

बुश, सील, त्याच मापाचे शॉकअप ही दुरुस्ती आहे, तिला परवानगी लागत नाही. चेसिस कापणे, चिमटा लांब करणे, शॉकअपच्या जागा हलवणे हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या, म्हणजे गाडीत फेरफार करण्याच्या नियमाच्या, कक्षेत येते. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेयरचे लक्षही पहिल्यांदा तिथेच जाते.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये, मुदत १० वर्षे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. अशा गाडीने रोज कामावर जाता येत नाही. तुमची जावा या वयाला आली असेल तर चेसिसवर ग्राइंडर लावण्याआधी हा नियम वाचा.

ग्रीस किती वेळाने?

धातूच्या बुशला दर १,५०० ते २,००० किलोमीटरला. पावसाळ्यात दर महिन्याला, आणि प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर लगेच. जुने काळे ग्रीस दोन्ही टोकांतून बाहेर येईपर्यंत भरा. एकाच टोकातून आले तर दुसऱ्या बुशची खाच बुजली आहे. पिन काढून ती साफ केल्याशिवाय त्या बाजूला ग्रीस पोहोचणार नाही, कितीही पंप मारले तरी.